बारा फुटांची नळी आणि वीस मिनिटं

"हे काय गं, प्लंबरकडून आणलंस?"

फ्रेंच हॉर्न घरी आणला त्या संध्याकाळची ही आईची पहिली प्रतिक्रिया. दुसरी आली शेजारच्या काकूंकडून, मी पहिला सूर लावल्यावर. त्या गॅलरीत येऊन खाली वाकून बघत होत्या. "अगं, कंपाउंडमध्ये कुणाची म्हैस शिरलीये का?"

तिसरी प्रतिक्रिया माझी. मनातल्या मनात. 'सहा महिने आहेत ना? बघाच!'

तर मंडळी, आज या कॉलममध्ये नवा कॅफे नाही, नवा फोन नाही. आज एक पितळी वाद्य आहे, जे शिकायला मी (शहाण्या माणसासारखं) तिशीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली. आणि ज्याने मला सांगितलं की तुझी आजवरची अभ्यासाची पद्धत इथे चालणार नाही. आपली पद्धत कुठली? नाइट मारायची! परीक्षेच्या आदल्या रात्री पोर्शन, डेडलाइनच्या आदल्या रात्री आर्टिकल, ट्रेकच्या आदल्या रात्री बूट. आपली अख्खी जनरेशन अशीच पास झालीये. माझ्या कपाटावर धूळ खात पडलेली गिटार आणि दोन महिन्यांत सोडलेला साल्साचा क्लास याच पद्धतीचे बळी.

हॉर्न माझा नव्हता. सरांचा होता. सर मूळचे गोव्याचे, आयुष्यभर ब्रास वाजवलेले. ते म्हणाले, "बाय, जूनमध्ये देतो. डिसेंबरात आमचा छोटा कार्यक्रम असतो, त्यात चौथ्या हॉर्नचा पार्ट तुझा. रोज वाजवलंस तर हॉर्न तुझ्याकडे. नाही तर एक शाळेतला मुलगा रांगेत उभा आहे."

डील फेअर होतं. बॉस, नवा ब्रँडेड हॉर्न घ्यायचा तर लाखांची भाषा सुरू होते. म्हणून टिप नंबर एक इथेच घ्या: आधी उसना घ्या, भाड्याने घ्या, सेकंडहँड बघा, पण विकत घ्यायची घाई करू नका. आणि सेकंडहँड बघायला जाताना वाजवणारा जाणकार माणूस सोबत न्या. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या हॉर्नचे व्हॉल्व्ह आतून हवा सोडत असतील तर दोष तुमच्या फुंकेचा नसतो, पण तुम्हाला तो आपलाच वाटतो.

फ्रेंच? नावालाच!

वाद्याची ओळख करून घेतल्याशिवाय रियाजाला अर्थ नाही, म्हणून थोडं ज्ञान. आज सगळीकडे दिसतो तो डबल हॉर्न जर्मन डोक्यातून आलाय. फ्रिट्झ क्रुस्पे यांनी 1897च्या सुमाराला तो बनवला. 'फ्रेंच' या शब्दाचं कोडं इतकं की 1971 साली इंटरनॅशनल हॉर्न सोसायटीने सांगूनच टाकलं, याला नुसतं 'हॉर्न' म्हणा. (मुंबईत नुसतं 'हॉर्न शिकते' म्हटलं की लोक रिक्षावाल्याकडे बघतात, म्हणून मी 'फ्रेंच' ठेवलंय.)

डबल का? कारण एकाच वाद्यात दोन नळ्या. 'एफ'ची नळी उलगडली तर साधारण बारा फूट, 'बी फ्लॅट'ची नऊ फूट. अंगठ्याने एक व्हॉल्व्ह दाबला की हवा एकीतून दुसरीत वळते. ट्रंपेटची नळी जेमतेम साडेचार फुटांची असते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आपली तुतारी आठवा. तिला ना भोकं, ना बटणं. तरी सूर बदलतो. कशाने? ओठांनी. हॉर्नही आधी तसाच होता. अठराव्या शतकात वादकांनी उजवा हात मागच्या भोंग्यात घालून, हात कमी-जास्त मिटून मधले सूर काढायला सुरुवात केली. व्हॉल्व्ह आले ते 1814च्या आसपास. तोवर उजवा हात भोंग्यात पक्का मुक्काम करून बसला होता, मग बटणं गेली डाव्या हाताकडे. आजही तसंच आहे.

आता मुद्द्याचं. एकही बटण न दाबता हॉर्न आपल्याला सा, ग, प आणि वरचा सा देतो. त्यात मध्ये एक किंचित उतरलेला कोमल नी फुकट! वरच्या सा नंतर तर रे, ग असे सूर अगदी खेटून बसलेत. सगळे त्याच बोटांवर. नळी लांब, म्हणून नेहमीच्या वाजवण्याच्या पट्टीत सुरांची ही गर्दी. ट्रंपेटला त्याच्या नेहमीच्या पट्टीत इतकी दाटी नसते. म्हणजे हॉर्नवर ओठ केसभर चुकले की तुम्ही शेजारच्या सुरावर! ऑर्केस्ट्रात हॉर्नचा सूर फुटतो तो याचमुळे, आणि भल्याभल्यांचा फुटतो. तुमचा फुटला तर लाजू नका.

पांढरी चारचा तानपुरा

यावर उपाय एकच. वाजवण्याआधी सूर डोक्यात ऐकू यायला हवा. सरांनी पहिल्या दिवशी मला हॉर्न दिलाच नाही. गायला लावलं. मी म्हटलं, सर, मला गाता येत नाही. "मग वाजवता पण येणार नाय," विषय संपला.

इथे आपल्या लोकांना एक मस्त जुगाड उपलब्ध आहे. हॉर्नच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो, पण ऐकू येतो 'एफ', म्हणजे आपल्या भाषेत पांढरी चार. मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप पांढरी चारला लावा. सा गा. ग गा. प गा. मग तोच सूर हॉर्नवर काढा. जमला नाही तर ओठ दाबून झोंबाझोंबी करू नका. हॉर्न खाली ठेवा आणि पुन्हा गा. माझे निम्मे चुकलेले सूर ओठांचे नव्हते, कानांचे होते. आणि हे काम लोकलच्या गर्दीतही होतं. (मनातल्या मनात गा, प्लीज!)

आधी श्वास, मग ओठ

बसा खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ पण आखडलेली नाही. माउथपीस चेहऱ्याकडे आणायचा, चेहरा माउथपीसकडे न्यायचा नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर कासवासारखी मान काढून बसणाऱ्यांसाठी हे वाक्य फ्रिजवर चिकटवण्याच्या लायकीचं आहे.

श्वास घेताना खांदे वर जात असतील तर आरशात बघून सुधारा. चार मोजत आत, आठ मोजत दातांतून 'सस्स' करत बाहेर. हवा एकसारखी यायला हवी, कुकरच्या शिट्टीसारखी धक्क्याधक्क्याने नको.

माउथपीस ओठांच्या मधोमध, साधारण दोन भाग वरच्या ओठावर आणि एक भाग खालच्या ओठावर. कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा, गाल फुगवायचे नाहीत. आणि मंडळी, फुंकर मारून काही होत नाही. नुसती फुंकर मारली की बारा फुटांच्या नळीतून बारा फुटांची फुंकर बाहेर येते, बस्स. ओठ थरथरायला हवेत. सूर तिथे तयार होतो, पितळ त्याला फक्त मोठा करतं.

उजवा हात? देवळात तीर्थ घ्यायला तळहाताची वाटी करतो ना, साधारण तशी. बोटं मात्र जुळलेली, जवळपास सरळ, अंगठा त्यांना चिकटलेला. बोटांची पाठ भोंग्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकते. हात जास्त मिटला तर सूर उतरतो आणि आवाज कोंडतो, उघडला तर चढतो. भोंगा पोटात घुसवू नका, जरा बाहेरच्या बाजूला ठेवा. नाहीतर तुमचाच शर्ट सगळा आवाज गिळतो.

वीस मिनिटांचा हिशोब

आता तुम्ही विचारणार, रोज किती? नव्या माणसाने एका वेळी वीस मिनिटं. जमलं तर दिवसातून दोनदा, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून. एवढंच? एवढंच. पण रोज. रविवारी तीन तास वाजवून आठवड्याचा कोटा भरता येत नाही. ट्राय केलंय.

माझी वीस मिनिटं अशी. पहिली तीन नुसता श्वास आणि गाणं. पुढची पाच लांब सूर, म्हणजे आपला खर्जाचा रियाज. मधल्या पट्टीत एकच सूर, हळू सुरुवात, थोडा मोठा, पुन्हा हळू. मग चार मिनिटं बटण न दाबता सा ते प, प ते सा, जिभेचा धक्का न देता फक्त ओठ आणि हवेने सरकायचं. मग पाच मिनिटं त्या आठवड्याचा तुकडा, मेट्रोनोम लावून, लाज वाटेल इतक्या संथ लयीत. जीभ 'तू' किंवा 'दू' म्हटल्यासारखी हलकी. शेवटची तीन मिनिटं खालच्या पट्टीत आवडीचं काहीही, ओठ सैल सोडत.

आणि या सगळ्यात विश्रांती धरलेली आहे. जेवढं वाजवलं जवळपास तेवढं थांबायचं. थांबलेल्या वेळात फोन बघायचा नाही, पुढचा सूर गायचा. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको, जीव कासावीस होतो.

माझा ऑक्टोबर

आता खरी गोष्ट. ऑक्टोबरमध्ये सरांनी चौथ्या हॉर्नचा पार्ट हातात ठेवला. त्यात शेवटाकडे चार मात्रांच्या चार ओळी... म्हणजे चार बार, फक्त माझे. बाकी सगळे गप्प. माझ्या पोटात गोळा आला, आणि मी काय केलं? नाइट मारली. एक नाही, तीन. रोज दोन-दोन तास, दार बंद करून. पहिल्या रात्री चार बार जमले. दुसऱ्या रात्री वरचा सूर येईना, म्हणून माउथपीस आणखी दाबला. डाव्या हाताची करंगळी ज्या हुकमध्ये असते, त्या हुकने हॉर्न तोंडात ओढायला लागले. तिसऱ्या रात्री वरचा ओठ सुजला आणि बधिर झाला. चौथ्या दिवशी मधला प, जो जूनपासून येत होता, तोही गेला.

सरांकडे गेले. ओठावर लाल गोल शिक्का होताच. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "किती वाजवलंस ते विचारत नाय. थांबलीस किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"हॉर्न इथे ठेवून जा."

जिना उतरताना माझ्या हातात काही नव्हतं. खोटं कशाला बोलू, बसस्टॉपवर रडले. गिटार, साल्सा आणि आता हे. आणि या वेळी तर कमी कष्ट केले म्हणून नाही, जास्त केले म्हणून! आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं की मेहनतही चुकीची असू शकते.

ओठाभोवतीचा स्नायू हा शेवटी स्नायूच. जिममध्ये पहिल्या दिवशी शंभर किलो उचलायला गेलात तर ट्रेनर हाकलेल. ओठ दमला की आपण नकळत दाबायला लागतो, दाबलं की रक्त कमी पोचतं, मग तो आणखी दमतो. म्हणून नियम: सूर खराब व्हायला लागला की थांबा, दुखायला लागल्यावर नाही. दुखतंय, बधिर झालंय, तर त्या दिवसाचा रियाज संपला. दोन-चार दिवसांत बरं नाही वाटलं तर डॉक्टरकडे. आणि करंगळीची परीक्षा घ्या. वाजवताना ती हुकमधून सैल करून बघा. सूर गेला तर तो हवेचा नव्हता, दाबाचा होता.

बिनहॉर्नचा आठवडा

त्या आठवड्यात मी काय केलं? सरांनी सांगितलं तेच. श्वास. पांढरी चारला सा-ग-प. माझे चार बार गायचे आणि डाव्या हाताची तीन बोटं टेबलावर वाजवायची. पहिले दोन दिवस वैताग. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिसऱ्या बारची चाल मला मुळात पाठच नव्हती. मी ती प्रत्येक वेळी ओठांनी चाचपत होते!

ऐकलंसुद्धा भरपूर. तुम्हीही ऐका. डेनिस ब्रेन यांनी 1953 साली कारायानसोबत रेकॉर्ड केलेल्या मोझार्टच्या हॉर्न कॉन्चेर्टो. हा माणूस 1957 साली अवघ्या छत्तीसाव्या वर्षी कार अपघातात गेला, पण त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या एका गमतीच्या मैफलीत त्याने बागेला पाणी घालायचा पाइप वाजवून दाखवला होता. म्हणजे बघा, सूर पितळात नसतो! बीटल्सच्या 1966च्या 'फॉर नो वन'मधला अॅलन सिव्हिल यांचा सोलो ऐका. 'जुरासिक पार्क'ची थीम कोण सुरू करतं ते ऐका. मुंबईकरांसाठी 2006 साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहेच. पुढच्या वेळी एनसीपीएला गेलात तर व्हायोलिनवाल्यांवरून नजर मागे न्या.

आठवड्याने गेले तर तो शाळकरी मुलगा हॉर्न घेऊन बसलेला. बारा-तेरा वर्षांचा. माझ्याकडे बघून दचकलाच बिचारा. सर म्हणाले, "सोमवार ते बुधवार हा वाजवणार. गुरुवार ते रविवार तू. माउथपीस मात्र ज्याचा त्याचा." स्वतःचा माउथपीस घेतला त्याच दिवशी. हॉर्नवाल्याची पहिली खरी खरेदी ही असावी.

काकू, पाणी आणि पावसाळा

शेजाऱ्यांचं काय? हॉर्नचा भोंगा मागे तोंड करून असतो. मी महिनाभर भिंतीला पाठ करून बसत होते, म्हणजे सगळा आवाज थेट काकूंच्या दिवाणखान्यात! आता मागे कपाटाची दारं उघडी ठेवते. गोधड्या आणि रजया आवाज छान पितात. प्रॅक्टिस म्यूट मिळतो, पण त्याने हवा अडते, सूरही बदलतो, रोजची सवय नको. सर्वांत चांगला उपाय म्हणजे जाऊन विचारणं. काकूंच्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं. संध्याकाळी सात ते सात-वीस ठरलं. काकूंनी घड्याळ लावलं, आणि माझी रोजची शिस्त त्या घड्याळाने सांभाळली.

वाद्याची काळजी: वाजवण्याआधी चूळ भरा, गोड खाऊन तर मुळीच वाजवू नका. नळीतून गुडगुड ऐकू येते ती बहुतेक श्वासातल्या वाफेचं पाणी. हॉर्न फिरवून, स्लाइड काढून ते ओता. व्हॉल्व्हची स्लाइड ओढताना त्याचं बटण दाबलेलं ठेवा. व्हॉल्व्हला तेल, स्लाइडला ग्रीस. बऱ्याच हॉर्नमध्ये बटणं दोरीने बांधलेली असतात, ती एक दिवस तुटतेच. जास्तीची दोरी केसमध्ये ठेवा आणि बांधायला आधीच शिकून घ्या. पावसाळ्यात ओला हॉर्न केसमध्ये कोंबू नका. घामाचे हात कोरड्या फडक्याने पुसा.

डिसेंबर

कार्यक्रम झाला. छोटा हॉल, पंख्याखाली उडणारे कागद, पहिल्या रांगेत आई. माझे चार बार आले. पहिला छान. दुसऱ्यातला एक सूर फुटला, सगळ्यांना ऐकू येईल इतका. एरवी मी तिथेच ढेपाळले असते. पण पुढचा सूर डोक्यात ऐकू येत होता, गाऊन गाऊन पाठ झाला होता, म्हणून तो आला. त्याच्या पुढचाही.

सर काही बोलले नाहीत. हॉर्न पुसला, केसमध्ये ठेवला. मी विचारलं, "सर, सहा महिने झाले. आता?"

"आज वार कुठला?"

"शनिवार."

"मग तुझा."

हॉर्न अजूनही अर्धाच माझा आहे. सोमवारी तो जातो, गुरुवारी येतो. मधल्या तीन दिवसांत माझ्याकडे एक माउथपीस, एक तानपुरा आणि टेबल असतं. गंमत म्हणजे गुरुवारी हॉर्न हातात आला की पहिला सूर आधीपेक्षा स्वच्छ लागतो.

तर, तुमच्याही कपाटावर काहीतरी धूळ खात असेलच. खाली काढा. तीन तास नकोत, वीस मिनिटं द्या. आणि सूर फुटला तर थांबू नका. दमलात तर मात्र नक्की थांबा!

सात वाजत आलेत. काकू घड्याळाकडे बघत असतील. चला, बाय!